बारा खोक्यांचा रंग

३ मार्च

कोणीही फासतं म्हणे!

चौदा वर्षं दादाच्या शेडमध्ये उभी राहून स्पीकरची खोकी रंगवली मी. कडा घासल्या, भेगांत लांबी भरली, नाकातोंडात भुसा गेला, नखांतला काळा रंग स्वतःच्या लग्नातसुद्धा निघाला नव्हता. आणि आज सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंसमोर माझा हा सख्खा भाऊ खुर्चीत पाय पसरून म्हणतो, "खरं काम आवाजाचं, ते माझं. रंग काय हो, कोणीही फासतं."

मी शेजारीच बसले होते! मांडीवर रंगाच्या नमुन्याची फळी घेऊन!

तळपायाची आग मस्तकात गेली. फळी टेबलावर आपटली. बाईंना म्हटलं, "तुमचे स्पीकर जुनेच बसवायचेत ना? मग नवी बारा खोकी मी एकटी करून देते. आवाजवाल्याची गरजच काय?" दादा हसला. हसला! "चिंगे, बस खाली." पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि लोकांपुढे चिंगे.

शेडवर जाऊन माझे रोलर, माझे ब्रश, पॉलिश पेपरचा गठ्ठा उचलला नि निघाले. मागून ओरडला, "चार दिवसांत येशील परत!"

जाते कसली!

४ मार्च

अजून राग गेलेला नाही. भांडी घासताना एक कप फुटला. फुटू दे.

५ मार्च

व्यवस्थापक बाईंचा फोन आला होता. सकाळी गेले. दादाही तिथे. माझ्याकडे बघून भुवया उडवतो, जणू काही झालंच नाही.

बाई भलत्या खमक्या. म्हणाल्या, "तुम्हा भावाबहिणीच्या भांडणात मला पडायचं नाही. मला स्वस्त हवं आणि टिकाऊ हवं. मागची खोकी दुसऱ्याकडून घेतली होती, ती दोन वर्षांत फुगली, कडा सुटल्या. आता मी कोणाच्या शब्दावर जाणार नाही. दोघांनी एकेक खोकं करून आणा, वीस तारखेपर्यंत. मागच्या अंगणात तीन आठवडे उघड्यावर ठेवणार. लोक बसतील, चहाचे कप ठेवतील, खुर्च्या आदळतील. ज्याचं टिकेल त्याला बाराचं काम."

दादा म्हणाला, "चालेल!" मी म्हटलं, "धावेल!" नंतर वाटलं, काय पोरकटपणा केला. पण तोंडातून गेलं ते गेलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे पेपर वाचत होता. हा माणूस आग लागली तरी आधी पान उलटेल! म्हणाला, "आणि नाही मिळालं काम तर?" म्हटलं, नाही मिळालं तर कामाला घेणारे ती मागची खोली रिकामी करून लेकीला अभ्यासाला देते आणि मुकाट्यानं दादाच्या शेडवर परत जाते. रोजंदारीवर. तो म्हणेल तो रंग मारते, जन्मभर.

"बघ हं, कबूल केलंस," म्हणाला.

केलं. त्यामुळे आता हरायची सोयच नाही.

७ मार्च

मागची खोली आवरली. मध्ये दोन स्टुलं, त्यांवर खोकं. एमडीएफच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्या कालच कापून आणल्या, संध्याकाळी जोडल्या.

लोकांना वाटतं खोकं म्हणजे सहा बाजू, रंगवल्या की झालं. एमडीएफची वरची बाजू गुळगुळीत असते, तिला काय, पाणी लावलं तरी दिसतं बरं. खरी मेख कडांत आहे. कापलेली कड पिते! कितीही रंग द्या, पीतच राहते, मग फुगते, मग खोक्याची पाणी लागलेली बाजू पाव भिजावा तशी होते. दादाला चौदा वर्षांत हे दिसलं नाही. त्याला वाटायचं मी उगीच कडेला रेंगाळते.

माझं औषध अगदी स्वस्त. सुतारी गोंद, तेवढंच पाणी. कडांना दोनदा पाजायचं. वाळलं की घासायचं. मग अस्तर, मग तेलरंगाचे तीन हात. रंगही नवा घ्यायचा नाही. रंगवाल्याकडे परत आलेले, झाकण चेपलेले डबे असतात, ते एकत्र करायचे. काळ्याच्या जवळ जाणारा काहीतरी रंग होतो, आणि काळाच तर हवा असतो सगळ्यांना. शेवटचा हात स्पंजच्या रोलरनं, दाबून. त्यानं बारीक खरबरीतपणा येतो, ओरखडे लपतात. आतूनही एक हात द्यायचा, नाहीतर फळी एका बाजूनं दमट होऊन वाकते. आतून कोण बघतं, असं दादा म्हणायचा.

हे सगळं मी शोधलंय. एकेक गोष्ट चुकून, हात खराब करून.

९ मार्च

निर्लज्जपणाची हद्द!

दादाचा फोन. आवाज असा, जणू मी बाजारातून काहीतरी आणायला गेलेय. "चिंगे, गोंदात पाणी किती घालतेस गं?"

मला वाटलं, फोन भिंतीवर फेकावा. ज्या रंगाला कोणीही फासतं, तो कसा फासायचा ते मलाच विचारतोय! आणि तेही माझ्याच विरुद्ध!

पण मी फेकला नाही. एकदम गार पडले. गोंदाचं प्रमाण बरोबर सांगितलं – ते त्यानं शेडमध्ये पाहिलेलंच होतं, खोटं सांगून पकडली गेले असते. मग त्यानं विचारलं, "आणि दोन हातांमध्ये किती वेळ सोडायचा?"

म्हटलं, "आठ दिवस."

"आठ? आपण तर सकाळी एक, रात्री एक मारायचो."

"म्हणून तर दर वर्षी परत मारायला लागायचं."

कसं सुचलं कोण जाणे! दादा म्हणाला, "हां. बरोबर आहे तुझं." आणि ठेवला.

अस्तर धरून चार हात. प्रत्येकाला आठ दिवस. मोजून बघितलं – एप्रिलच्या बारा तारखेला त्याचं खोकं तयार होणार, आणि बाईंनी दिलीय वीस मार्च! स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. लेक येऊन बघून गेली, आईला काय झालं म्हणून.

१० मार्च

वाईट वाटतंय का? नाही. अजिबात नाही.

१४ मार्च

मंगळवारपासून पाठ मोडली. दोन दिवस कडांना गोंद, घासणं. काल सकाळी अस्तर, रात्री पहिला हात. आज सकाळी दुसरा, आता तिसरा. पंखा लावून ठेवलाय. बोट लावून पाहिलं, चिकटत नाही, वरून छान कोरडं. शेडमध्ये असंच करायचो. गिऱ्हाईक दारात, कार्यक्रम संध्याकाळी – कोण थांबतंय?

नवरा म्हणाला, "वीस तारखेला अवकाश आहे, एवढी घाई का?" म्हटलं, "मला दादाच्या आधी नेऊन ठेवायचंय. सगळ्यांच्या देखत." "कोणाच्या?" "सगळ्यांच्या!" परत पेपरात तोंड घातलं. शहाणा आहे.

खोकं मात्र सुरेख झालंय. उजेडात तिरकं बघितलं की संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत. कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या ठोकल्या. कोणीही फासतं? फासून दाखवा असं.

१५ मार्च

खोकं नेऊन ठेवलं. बाईंनी हात फिरवला. "छान झालंय हो." पाच दिवस आधी! दादाचा पत्ताच नव्हता. मी मुद्दाम विचारलं, "आमच्या बंधूंचं आलं का?" नाही म्हणाल्या. घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

२० मार्च

असं कुठे असतं का? असं कुठे असतं??

दादा आज बाईंकडे मोकळ्या हातानं गेला आणि मुदत मागितली. आणि बाईंनी दिली! बारा एप्रिल! मी भांडायला गेले तर बाई म्हणतात, "अहो, ते म्हणाले रंग मुरायला वेळ हवा, घाई केली तर बहीण ओरडेल. तुम्हीच सांगितलंत ना त्यांना? मला आवडलं ते. प्रत्येकाला तीन-तीन आठवडे मिळतील, अंगण तेच, माणसं तीच."

बहीण ओरडेल! माझंच नाव पुढे करून मुदत घेतली! आणि मी काय बोलणार? खोटं सांगितलं होतं असं सांगू? दात ओठ खाऊन परत आले. माझं खोकं मात्र आजपासून उन्हात. त्याचं तिकडे शेडमध्ये सावलीत निवांत बसलंय.

सगळं जग त्याच्या बाजूनं.

२४ मार्च

सभागृहात जाऊन आले. खोक्यावर चहाच्या कपाचा गोल. नुसता डाग नव्हे – कप रुतलेला गोल! नखानं घासला, गेला नाही. कोणी एवढा तापलेला कप ठेवला? चहा होता की शिसं?

२७ मार्च

खोक्यावर पेपर चिकटलाय. कोणीतरी वाचून ठेवला, वर कोणीतरी बसलं. ओढला तर निम्मा निघाला, निम्मा तिथेच. माझ्या खोक्यावर आता एका गाडीच्या जाहिरातीचं अर्धं चाक आहे, उलटं.

रंगवाल्यानं भेसळीचा डबा दिला. नक्की. परत आलेला माल म्हणून काहीही गळ्यात मारतो.

२ एप्रिल

सफाईच्या मावशींशी भांडले. त्या रोज नळी लावून अंगण धुतात आणि पाण्याचा झोत थेट माझ्या खोक्यावर! म्हटलं, "मावशी, जरा बाजूनं." तर म्हणतात, "ताई, मी चौदा वर्षं असंच अंगण धुते." माझ्यापुढे चौदा वर्षं! मी म्हटलं, "मग चौदा वर्षांत नळी धरायला शिकला नाहीत?"

त्यांनी नळी बंद केली आणि फडकं आणून खोकं पुसायला लागल्या. पुसताना कोपऱ्याचा रंग पापुद्र्यासारखा त्यांच्या फडक्याला आला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या. "मी नाही हो केलं," म्हणाल्या.

माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

१० एप्रिल

तीन आठवडे झाले. एक चहाचा गोल, एक अर्धं चाक, चार ओरखडे आत अस्तरापर्यंत, एक कोपरा सोललेला. कडा मात्र फुगलेल्या नाहीत! गोंदानं काम केलं. बाई म्हणाल्या, "दादांचं झालं की एकत्र बघू." तोंडावरून काही कळेना.

नवऱ्यानं विचारलं, "कसं आहे?" म्हटलं, "कडा उत्तम आहेत." "आणि बाकीचं?" "कडांचं विचारलंस ना?" "नाही," म्हणाला. मग मी उठून आत आले.

१३ एप्रिल

काल दादाचं खोकं आलं. गेले बघायला. जायचं नव्हतं, पण गेले.

माझंच आहे! सगळं माझं. तोच जवळजवळ-काळा रंग, तोच संत्र्याच्या सालीचा पोत, त्याच टोप्या. आत वाकून बघितलं – आतूनसुद्धा हात मारलाय! जो म्हणायचा आतून कोण बघतं! रोलर जरा वाकडा फिरलाय, मधे एक रेघ आहे, शिकाऊ माणसाची असते तशी. ती बघून तेवढं बरं वाटलं.

चोरलं. चौदा वर्षं शेजारी उभं राहून सगळं चोरलं आणि वर म्हणे कोणीही फासतं.

२१ एप्रिल

नऊ दिवस झाले. त्याच्या खोक्यावर कप ठेवतात, उचलतात. डाग नाही. तेच ऊन, तीच नळी, त्याच मावशी. मी जाताना खुर्चीचा पाय मुद्दाम घासून बघितला. होय, बघितला! कोणी नव्हतं. साधा चरासुद्धा उठला नाही. मग माझ्या खोक्याला अंगठ्याचं नख लावलं. महिना उलटून गेलाय – आणि नखाची खूण उमटली. मेणात उमटावी तशी.

म्हणजे डब्यातच खोट होती. रंगवाल्याला आता सोडत नाही.

२२ एप्रिल

सोललेला पापुद्रा कागदात बांधून रंगवाल्याकडे गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तरी सगळं बोलले. भेसळ करता, बायका बघून फसवता, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग पापुद्रा उलटा केला, बोटानं दाबला.

"ताई, किती दिवसांत किती हात मारले?"

"दोन दिवसांत चार."

गिऱ्हाइकांतला एक रंगारी हसला. रंगवाला हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "तेलाचा रंग वरून साय धरतो. खाली ओलाच असतो. त्यावर दुसरा मारला की खालच्याला हवाच मिळत नाही, तो कायमचा मऊ. एका हाताला आठवडा तरी द्यायला हवा. घाईच्या कामाला वेगळा रंग घ्यायचा, हा नाही. तुम्हाला हे माहीत असणार, इतकी वर्षं करताय."

नव्हतं माहीत! शेडमध्ये आम्ही कधी थांबलोच नाही. खोकं रंगवायचं, संध्याकाळी गाडीत, वर्षानं परत यायचं सोललेलं, परत रंगवायचं. मला वाटायचं रंग असाच असतो. मला वाटायचं मला कळतं.

आणि दादाला मी सांगितलं आठ दिवस. त्याला पाडायला म्हणून.

जेवले नाही. नवऱ्याला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. स्वतःचा इतका राग येतोय की वहीचं पान फाटेल असं वाटतंय.

२३ एप्रिल

आणि तरीही त्याचाच राग येतो! ऐकायचं कशाला माझं? कधी नव्हे ते आत्ताच?

३ मे

निकाल.

अंगणात दोन्ही खोकी शेजारी शेजारी. माझं म्हणजे खरूज झालेलं. त्याचं आणलं त्या दिवशी होतं तसं. बाईंनी किल्ली काढून दोन्हींवर ओढली. माझ्यावरची साल निघाली. सफाईच्या मावशी लांब उभ्या होत्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या खाली बघत होत्या.

बाई म्हणाल्या, "मग ठरलं. काम दादांचं."

मी घरी जायला वळले होते. शेडवर कधीपासून येऊ, हे कोणत्या तोंडानं विचारायचं तेवढंच डोक्यात होतं. तर दादा म्हणाला, "थांबा बाई. हा रंग माझा नाही. हिचा आहे."

मला वाटलं, आता हा टोमणा. पण तो बोलतच राहिला. नेहमीसारखा मोठ्यानं, मावशींनाही ऐकू जाईल असा. "मी काय केलं? हिनं सांगितलं तसं केलं. गोंद पाजला, आतून हात मारला, आठ-आठ दिवस हात बांधून बसलो. शेडवरची माणसं हसत होती मला. मला तर वाटायचं फेकून द्यावा तो रोलर. महिनाभर मारून बघितलं तेव्हा कळलं बाई, हे कोणीही फासत नाही. हिचं स्वतःचं बिघडलं ते मला हरवायच्या घाईत, डोकं आधीपासून गरमच आहे तिचं. पण रंगातलं हिच्याएवढं मला माहीत असलेल्या कोणालाच कळत नाही. बारा खोकी हिला द्या. आणि माझं हे मी परत नेतो, शेडवर ठेवीन."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "घ्याल?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं – बाई, मी खोटं सांगितलं होतं. चार शब्द. सगळे माझ्याकडे बघत होते, दादा हसत होता, त्याच्या नखांत काळा रंग होता.

मी "हो" म्हणाले.

घरी लेकीनं मिठी मारली. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला – खरंच ठेवला – आणि म्हणाला, "बघ, उगीच चिडत होतीस त्याच्यावर."

राग काढायला आता कोणीच उरलं नाही. चौदा वर्षं तो माझं कौतुक करत नाही म्हणून जळत होते. केलं, तर ते माझ्या लबाडीचं!

४ मे

शेडवर गेले. सगळं सांगितलं – फोन, आठ दिवस, वीस तारीख. मला वाटलं ओरडेल. ओरडावं अशी इच्छा होती. ओरडला नाही. ते खोकं त्यानं दाराशीच ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. त्यावरून हात फिरवला.

मग म्हणाला, "मग हा रंग कोणाचा गं?"